सेल्फ मारला की डबा बंद

प्रश्न : ताई, आमची दूध गोळा करायची डिझेल पिकअप आहे. कागलच्या आसपासच्या गावांतून दूध घेऊन ती रोज कोल्हापुरात येते. दुधाचं तापमान आणि गाडीचं ठिकाण मोबाईलवर कळावं म्हणून मी ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर) बोर्ड आणि मोबाईल नेटवर्कवरून मेसेज पाठवणारं जीएसएम मॉड्यूल घालून एक डबा बनवलाय. ५ व्होल्टसाठी ७८०५ रेग्युलेटर आहे, त्याच्याआधी डायोड आणि १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. घरी सगळं नीट चालतं. गाडीत मात्र सेल्फ मारला की बोर्ड रिसेट होतो, आणि ७८०५ अधूनमधून जळतो. कोणता रेग्युलेटर घालू?
– एक वाचक, कागल

उत्तर : रेग्युलेटरचं नंतर बघू. आधी मीटर घेऊन गाडीपाशी जा. पॉझिटिव्ह ज्या वायरवरून घेतलाय तिच्यावर मीटर लावा आणि घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. टेपच्या वायरवरून घेतला असेल, तर बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरेपर्यंत ती लाईन तुटलेलीच असते. मग कितीही भारी रेग्युलेटर घातला तरी बोर्ड बंद पडणार. इग्निशनची वायर शोधा, ती सेल्फ मारतानाही चालू राहते.

वायर बरोबर निघाली तर दोष ७८०५ चा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्याकडे गाड्यांच्या वायरिंगचं काम येतं, तेव्हा हे मी पोरांना पहिल्यांदा सांगते : बॅटरीवर १२ लिहिलंय म्हणून १२ व्होल्ट धरू नका. गाडी उभी असताना भरलेली बॅटरी १२.६ दाखवते, इंजिन चालू झालं की १४.४ पर्यंत जाते, आणि थंडीत पहाटे डिझेलचा सेल्फ मारला की ६-७ पर्यंत खाली येऊ शकते. ७८०५ ला आत किमान ७ व्होल्ट लागतात, त्यात डायोडचे ०.७ मिळवा.

कंडेन्सर तेवढा वेळ सांभाळेल असं तुम्हाला वाटलं असणार. हिशेब करून बघा. डबा ०.४ अँपिअर घेतो असं धरलं, तर १००० मायक्रोफॅरडमधून दर मिलिसेकंदाला ०.४ व्होल्ट उतरतो. १० मिलिसेकंदांत ४ व्होल्ट गेले. सेल्फ तर अर्धा-एक सेकंद फिरतो. शिवाय १४.४ वर ७८०५ जवळपास साडेतीन वॅट उष्णता काढतो, हीटसिंक नसेल तर तो तापून स्वतःच बंद होतो. जीएसएम मॉड्यूल सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, तेही त्याच्या आवाक्यात नाही.

जळण्याचं कारण मात्र वेगळं असावं. बॅटरीचं टर्मिनल ढिलं असलं आणि अल्टरनेटर जोरात चार्ज करत असताना ते खड्ड्यात उडालं, तर अल्टरनेटरचा करंट एकदम कमी होऊ शकत नाही आणि व्होल्टेज उसळतं. आवर घालणारं काही नसेल तर ते ८०-१०० व्होल्टपर्यंत जातं आणि काही शे मिलिसेकंद टिकतं. ७८०५ ची मर्यादा ३५. टर्मिनलवर पांढरी भुकटी साचली असेल तर आजच घासून, आवळून घ्या.

आता मांडणी. इग्निशनची वायर जिथून घ्याल तिथेच ३ अँपिअरचा फ्यूज. डब्यात शिरताच एसएम८एस२४ए हा टीव्हीएस डायोड, तो उसळी ३९ व्होल्टच्या आसपास रोखतो. २४ चाच घ्या, कारण बॅटरी उतरली की आपल्याकडे उसाच्या ट्रकची २४ व्होल्टची लाईन सर्रास जोडतात, तेवढ्याला तो वाहायला लागता कामा नये. दुकानात लहान १.५केई जातीचा टीव्हीएस मिळाला म्हणून तो लावू नका, तो जेमतेम मिलिसेकंदभराच्या झटक्यासाठी असतो. त्याच्यापुढे उलट जोडणीसाठी ६० व्होल्टचा शॉट्की (कमी व्होल्ट खाणारा) डायोड, मग ५० व्होल्ट, १०५ अंशांचा कंडेन्सर.

रेग्युलेटर म्हणून एलएम२५९६ चा ॲडजस्टेबल प्रकार घ्या. तो ४० व्होल्टपर्यंत चालतो आणि स्विचिंगचा असल्याने फारसा तापत नाही. पण तो ५ व्होल्टवर नको, ४ वर लावा. तुमच्या डब्यात खरं म्हणजे ५ व्होल्ट कुणालाच नकोत. असली बरीच जीएसएम मॉड्यूल ३.४ ते ४.४ वर चालतात (तुमच्या मॉड्यूलचा माहितीचा कागद, डेटाशीट, एकदा बघा) आणि ईएसपी३२ ला ३.३ लागतात. बॅटरी ६ वर आली तरी शॉट्कीचे ०.५ आणि चिपचे सव्वा वजा जाऊन सव्वाचार उरतात. ५ चा आग्रह धरला असता तर इथेच मार खाल्ला असता.

एक अडचण यात आहे. ईएसपी३२ च्या तयार बोर्डांवर बहुधा एएमएस१११७ हा ३.३ चा रेग्युलेटर असतो आणि तो स्वतःच एक-सव्वा व्होल्ट खातो. ४ मधून त्याला ३.३ काढता येणार नाहीत. त्याला वगळून एपी२११२ सारखा कमी ड्रॉपचा, म्हणजे स्वतः कमी व्होल्ट खाणारा, ३.३ चा रेग्युलेटर घाला आणि त्याचं आउटपुट थेट बोर्डाच्या ३.३ च्या पिनला द्या.

एलएम२५९६ ची स्वस्त तयार मॉड्यूल घेताना जपून. बऱ्याच मॉड्यूलवर नक्कल चिप असते आणि इनपुटकडचा कंडेन्सर ३५ व्होल्टचा असतो, तो तरी बदलाच. जीएसएमच्या पायांशीच १००० मायक्रोफॅरड लावा, तुमचा आहे तो तिथे कामाला येईल.

गाडीत बसवण्याआधी बेंच सप्लायवर १२ वरून ६ पर्यंत खाली आणा, सेकंदभर थांबा, परत वर न्या. हे करताना जीएसएमवरून मेसेज जात असू द्या. त्यातही बोर्ड रिसेट झाला तर ४ व्होल्टच्या लाईनवरचं रीडिंग आणि इग्निशनच्या वायरवरचं रीडिंग, दोन्ही लिहून पाठवा.