कापलेले चौकोनी पाईप पुन्हा जोडताना: अँपिअरच्या आधीची कामे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नव्या घराच्या अरुंद जिन्यातून कामाचे लोखंडी टेबल वर जाईना, म्हणून ४० बाय ४० मि.मी. चौकोनी पाईपचे चारही पाय ग्राइंडरने मधोमध कापावे लागले आणि व्हाइसखालची (काम पकडायच्या शेगड्याखालची) १० मि.मी. जाडीची प्लेटही दोन तुकड्यांत करावी लागली. आता घरच्या छोट्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनने हे सगळे पूर्ववत जोडायचे आहे, परंतु पहिल्याच पायाला भोक पडले. तेव्हा अँपिअर किती ठेवावे? शिवाय ट्रकच्या पाट्याचे (स्प्रिंगच्या पट्टीचे) दोन तुकडे याच पद्धतीने जोडून पहार करता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. अँपिअरचा आकडा पुढे देतोच, पण या कामात तो सर्वांत शेवटी ठरवायचा असतो. जोड चांगला होणार की नाही, हे रॉड (वेल्डिंगची कांडी) पेटण्यापूर्वीच बहुतांशी ठरलेले असते.

पहिली गोष्ट, कापताना गेलेले लोखंड. चार इंची ग्राइंडरचे पातळ कटिंग व्हील एक ते सव्वा मि.मी. जाडीचे असते, तर चौदा इंची चॉप-सॉचे व्हील साधारण तीन मि.मी. असते. तेवढा भाग ठिणग्या होऊन गेला, आणि त्यावर कडा साफ करताना आणखी थोडा जाणार. दोन्ही तुकडे एकमेकांना घट्ट भिडवून जोडले तर पाय तेवढा आखूड होतो. चारही पाय एकाच व्हीलने कापले असल्याने टेबल लंगडणार नाही, परंतु तुकडे असे भिडवल्याने दुसराच तोटा होतो, तो म्हणजे वितळलेले लोखंड आतपर्यंत पोहोचत नाही, वरवर माळ (वेल्डिंगची रेघ) बसते आणि ग्राइंडिंग करून ती सपाट केली की जोड जवळजवळ संपतो. उलट, फट मोकळी ठेवून आत काहीच आधार दिला नाही तर दोन मि.मी. जाडीच्या पाईपची उघडी कड क्षणात वितळून गळते. तुमचे भोक बहुधा याच कारणाने पडले असावे.

यावर माझ्या मते सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे आतून पट्टी देणे. ४० बाय ४० बाय २ च्या पाईपमध्ये आत ३६ मि.मी. जागा मिळते. २५ बाय ३ ची साधी पट्टी घेऊन तिचे सुमारे १०० मि.मी. लांबीचे चार तुकडे करावेत आणि खालच्या पाईपच्या चारही भिंतींना आतून एकेक असे लावावेत, म्हणजे निम्मी लांबी आत राहील व निम्मी बाहेर येईल. २५ ची पट्टी भिंतीच्या मधोमध बसत असल्याने कोपऱ्यांतली गोलाई तिला आडवी येत नाही. मात्र पाईपच्या एका भिंतीवर आतून कारखान्यातल्या जोडाची उभी रेघ असते, तिथली पट्टी नीट टेकावी म्हणून ती रेघ कानसीने थोडी उतरवावी किंवा पट्टी किंचित बाजूला सरकवावी. पट्ट्या जागेवर धरण्यासाठी कापलेल्या कडेपासून सुमारे २५ मि.मी. अंतरावर पाईपच्या प्रत्येक भिंतीला ८ मि.मी. चे एक भोक पाडावे आणि पट्टी आतून दाबून धरून ते भोक रॉडने भरून घ्यावे. मग वरचा पाईप पट्ट्यांवरून खाली सरकवावा आणि त्याच्याही भिंतींतून तशीच भोके भरावीत.

वरचा पाईप सरकवताना फट किती ठेवायची, याचे माप हाताशीच असते. २.५ मि.मी. च्या रॉडचे कोटिंग झाडून उघडी केलेली तार फटीत ठेवली की चारही बाजूंना सारखे अंतर मिळते. आत पट्टी असल्यामुळे एवढी फट बिनधोक भरते आणि पायाची लांबीही जवळजवळ मूळची राहते.

आता सरळपणा. टेबल आडवे करून पाईपच्या कोपऱ्यावर एक सरळ अँगल (एल आकाराचे लोखंड) असा ठेवावा की त्याच्या दोन्ही बाजू जोडाच्या वर-खाली पाईपला टेकतील, आणि जोडाच्या दोन्ही अंगांना सी-क्लॅम्पने तो आवळावा. मोकळ्या राहिलेल्या दोन भिंतींवर मधोमध टाके (वेल्डिंगचे छोटे ठिपके) मारावेत, अँगल काढून उरलेल्या दोन भिंतींवर मारावेत, आणि त्यानंतरच गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून पाहावे. चौकटीचे दोन्ही कर्णही मोजावेत, कारण गुण्या फक्त जवळचा कोपरा सांगतो. पाय गुण्यात नसेल तर टाका कापायला एक मिनिट लागते. पूर्ण जोड झाल्यावर तोच पाय सरळ करणे म्हणजे नवे काम काढणे होय. लोखंड थंड होताना आकसते आणि ज्या बाजूला जास्त वेल्डिंग झाले त्या बाजूला ओढते, म्हणून एक भिंत भरली की लगेच शेजारची न घेता समोरची घ्यावी.

कडा उजळ केल्याशिवाय यांतले काहीच सुरू करू नये. रंग, गंज आणि तेल जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान एक इंच फ्लॅप डिस्कने काढावे, आणि अर्थ क्लॅम्पही (मशीनची दुसरी तार लोखंडाला जोडणारा चिमटा) तशाच उजळ जागी लावावा. ठिणगी दर वेळी अडखळते तेव्हा दोष बहुधा मशीनचा नसून रंगावर चिकटवलेल्या क्लॅम्पचा असतो. पाईप जस्ताचा मुलामा दिलेला असेल तर हे अधिकच आवश्यक आहे. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि लोखंड सुमारे १५०० अंशांना वितळते, त्यामुळे मुलामा ठेवून वेल्डिंग केले की पांढरा धूर निघणारच. तो छातीत गेल्यास काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो.

आता अँपिअर. दोन मि.मी. पाईपला ६०१३ जातीचा २.५ मि.मी. रॉड ६० ते ७० अँपिअरवर, किंवा २ मि.मी. रॉड ४५ ते ५५ वर चालतो. स्वस्त मशीनच्या पडद्यावरचा आकडा शब्दशः खरा मानू नये. त्याच पाईपच्या उरलेल्या तुकड्यावर ठरवावे. पातळ पाईपला होल्डर (रॉड धरणारा चिमटा) मशीनच्या ऋण टोकाला लावल्यास उष्णता थोडी कमी शिरते. एका दमात पूर्ण भिंत भरण्याचा हट्ट नको; थोडे भरावे, स्लॅग (माळेवर जमणारी कडक खपली) झाडावा, लाली उतरू द्यावी, मग पुढे जावे. ७० अँपिअरला हे मशीन विजेच्या बाजूने दहा-बारा अँपिअर ओढू शकते, म्हणून १६ अँपिअरचा सॉकेट हवा. बारीक तारेचे लांब एक्स्टेंशन लावले की व्होल्टेज पडते आणि रॉड चिकटू लागतो.

प्लेटचे काम वेगळे आहे. १० मि.मी. ची उभी कड जशीच्या तशी जोडली तर जेमतेम वरचे तीन-चार मि.मी. जुळतात आणि मधला भाग कापलेलाच राहतो. व्हाइसवर हातोडा चालू लागला की तो तिथेच उघडतो. दोन्ही कडांना सुमारे ३० अंशांचा उतार द्यावा, तळाशी दीड-दोन मि.मी. कड उभी सोडावी आणि २.५ मि.मी. फट ठेवावी. तळाची पहिली माळ २.५ च्या रॉडने ८० अँपिअरच्या आसपास, वरच्या माळा ३.१५ च्या रॉडने ११० ते १२० वर. दोन माळांमध्ये स्लॅगचा कण राहू देऊ नये. उतार एकाच बाजूने दिला असेल तर प्लेट त्या बाजूला वर उचलते, म्हणून टाके मारतानाच तिला उलट दिशेने दोन-तीन अंशांचा बाक द्यावा. यासाठी ७०१८ चा रॉड घ्या असे कोणी सांगेल. रॉड उत्तमच आहे, पण उघड्या पाकिटातले रॉड ओल घालवण्यासाठी ३०० ते ३५० अंशांना भाजावे लागतात आणि घरच्या ओव्हनचे तापमान बहुधा तिथवर जात नाही. साध्या लोखंडाची ताकद सुमारे ४१० मेगापास्कल असते आणि ६०१३ ची माळ त्याहून कमी भरत नाही, तेव्हा तुमच्या टेबलाला तोच पुरे.

पाट्याबद्दल मात्र माझे उत्तर नाही असे आहे. स्प्रिंगच्या पोलादात कार्बन अर्धा टक्का किंवा त्याहून अधिक असतो, आणि माळेलगतचा पट्टा झपाट्याने थंड होऊन काचेसारखा ठिसूळ बनतो. जोड देखणा दिसतो आणि तासाभराने किंवा पहिल्याच घावाला माळेच्या कडेने तडकतो. आधी दोन-अडीचशे अंश तापवून, ७०१८ वापरून आणि राखेत हळूहळू निववून काहींनी तो जमवला आहे, परंतु पहारीवर माणूस अंगाचा सगळा भार टाकतो, म्हणून तिथे नशीब अजमावू नये. लोखंड ओळखीचे नसेल तर ग्राइंडर लावून पाहावे: साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात, जास्त कार्बनच्या ठिणग्या जवळच फुलबाजीप्रमाणे फुटतात. हाच नकार मोटारसायकलच्या चेसिसलाही लागू आहे, आणि पेट्रोलच्या रिकाम्या टाकीला तर हात लावूच नये.

वेल्डिंगच्या मुखवट्याची काच १० किंवा ११ नंबरची, कपडे सुती, पायांत चामड्याचे बूट, ग्राइंडरचे गार्ड जागेवर. वेल्डिंगच्या प्रकाशाने होणारी डोळ्यांची आग बहुधा रात्री सुरू होते, त्यामुळे त्या वेळी काही वाटले नाही हा पुरावा मानू नये. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभे राहून रॉड बदलू नका. होल्डरवर रॉड पेटलेला नसतानाही साठ-सत्तर व्होल्ट असतात.

टेबलाला हात लावण्यापूर्वी उरलेल्या पाईपचे दोन तुकडे याच पद्धतीने आत पट्टी देऊन जोडा, जोड लांबीच्या दिशेने उभा चिरून पाहा आणि मग अर्धा भाग व्हाइसमध्ये धरून वाकवा. चिरलेल्या बाजूला पट्टी, माळ आणि पाईप यांच्यामध्ये काळी रेघ दिसली तर पाच अँपिअर वाढवा किंवा फट थोडी मोठी करा. माळ न फाटता पाईपच वाकला तर पहिला पाय घ्यायला हरकत नाही.