कारखान्यातील पाणीबचतीचा आराखडा कोठून सुरू करावा? थेट झेडएलडी प्रकल्प घ्यावा का?

आपला प्रश्न असा आहे: पुण्याजवळच्या आपल्या कारखान्यात रोज सुमारे 400 घनमीटर पाणी लागते, व्यवस्थापनाने तीन वर्षांत त्यात 30 टक्के घट करण्याचे ठरवले आहे, तर आधी सल्लागार नेमावा की सरळ झेडएलडी, म्हणजे सांडपाणी बाहेर न सोडता सगळे शुद्ध करून पुन्हा वापरणारा शून्य विसर्जन प्रकल्प घ्यावा? आणि शेवटी जाता जाता आपण लिहिले आहे की ‘तसे पाण्याचे बिल किरकोळच आहे.’ मी उत्तर लिहायला बसलो आहे तो या शेवटच्या वाक्यामुळे.

हेच वाक्य मी चाकणच्या एका कारखान्यात अकरा वर्षे ऐकले. मी तेथे युटिलिटी, म्हणजे वीज-पाणी-वाफ पुरवणारा विभाग सांभाळत होतो, आणि आमचे वित्तप्रमुख दर तिमाही बैठकीत विजेच्या बिलाशेजारी पाण्याचे बिल ठेवून ‘यात वाचवून वाचवून काय वाचवणार?’ असे विचारीत. मग एका वर्षी मुख्यालयातून पाणीबचतीचे उद्दिष्ट आले, त्यापाठोपाठ सल्लागार आले, दोन दिवस हेल्मेट घालून फिरले आणि एक देखणे सादरीकरण देऊन गेले. त्यात बाष्पीभवन यंत्रणेसह झेडएलडी होता, छतावरचे पावसाचे पाणी होते, बिनपाण्याच्या मुताऱ्याही होत्या. कारखान्यात आलेले पाणी नेमके कोठे जाते याचा मात्र एकही आकडा नव्हता, कारण तो आमच्याकडेच नव्हता.

खरे तर एके काळी तो आमच्याकडे होता. 1977 च्या पाणी उपकर कायद्यामुळे उद्योगांना मीटर बसवून थंडाव्यासाठी किती, घरगुती किती आणि प्रक्रियेसाठी किती असे विवरणपत्र भरावे लागे. उपकराची रक्कम नगण्य असे, पण त्या निमित्ताने कोणीतरी वही घेऊन मीटरपर्यंत चालत जाई. वस्तू व सेवा कर लागू झाला त्याच दिवशी, 1 जुलै 2017 रोजी, हा उपकर संपला. आमच्या सातपैकी पाच मीटर त्यानंतरच्या दोन वर्षांत बंद पडले आणि ते आकडे आता कोणालाच पाठवायचे नसल्यामुळे कोणी ते दुरुस्तही केले नाहीत.

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असे. त्या सादरीकरणानंतरच्या बुधवारी दुसरी पाळी सुटल्यावर मी आणि आमचे ज्येष्ठ फिटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, पंपघरात जाऊन बसलो. उत्पादन बंद, कँटीन बंद, कूलिंग टॉवर बंद. तरीही मुख्य मीटरचा काटा फिरत होता. रात्री एकच्या सुमारास मामा म्हणाले, ‘‘साहेब, हा जॉकी झोपत का नाही?’’ अग्निशमनाच्या हायड्रंट लाइनमध्ये दाब टिकवून ठेवणारा लहान जॉकी पंप दर नऊ मिनिटांनी सुरू होत होता, दोन मिनिटे चालत होता आणि थांबत होता. लाइन धड असेल तर तो दिवसातून क्वचित चालावा. पंप मिनिटाला 180 लिटरचा, म्हणजे नऊ मिनिटांत 360 लिटर, म्हणजे मिनिटाला 40 लिटर, म्हणजे दिवसाला 57,600 लिटर. दहा हजार लिटरचे पावणेसहा टँकर आम्ही रोज जमिनीत ओतत होतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. आणि अग्निशमनाची टाकी बॉल कॉकवर आपोआप भरत असल्यामुळे तिची पातळी कधी उतरलेली दिसत नव्हती.

पहाटेपर्यंत एकेक भाग व्हॉल्व्हने वेगळा करीत आम्ही पेंट शॉपमागच्या टप्प्यापर्यंत आलो. तेथे भंगार यार्डालगत भर एप्रिलात हिरवेगार गवत होते, ज्याबद्दल आम्ही सगळे आमच्या माळ्याचे कौतुक करीत आलो होतो. खणल्यावर 150 मिलिमीटरच्या पोलादी पाइपावरचे वेष्टन फाटलेले आणि पाइप गंजून चाळणी झालेला निघाला. दोन गुरुवारांत तो बदलून झाला आणि 410 घनमीटरचा रोजचा वापर 352 वर आला. संपूर्ण खर्च सल्लागारांच्या मानधनाच्या दहाव्या हिश्शाइतकाही नव्हता.

पुढच्या बैठकीत मी हे मांडले, तेव्हा वित्तप्रमुख म्हणाले, ‘‘ही तर देखभाल झाली, हा प्रकल्प नव्हे.’’ त्या वर्षीच्या अहवालात झेडएलडीचे रंगीत चित्र छापून आले. गळतीचा उल्लेख नव्हता, मामांचे नाव असण्याचा तर प्रश्नच नव्हता. हे मी आजही विसरलेलो नाही, आणि म्हणूनच आता मी स्वतः मोठ्या कारखान्यांची पाणी लेखापरीक्षणे करतो तेव्हा पहिली रात्र पंपघरातच काढतो.

आता त्या ‘किरकोळ बिला’विषयी. बिलात दिसतो तो पाण्याचा खरेदीचा दर असतो, त्याची किंमत नसते. आमच्या पेंट शॉपच्या प्री-ट्रीटमेंट लाइनवर, म्हणजे रंगापूर्वीच्या धुलाईत, डीग्रीझिंगनंतर (तेल-ग्रीस काढल्यावर) 55 अंशांच्या पाण्याने धुणे होते आणि त्या टाकीतून पाणी सतत वाहून जात असे. एक घनमीटर पाणी 25 अंशांवरून 55 अंशांवर नेण्यास सुमारे 35 युनिट ऊर्जा लागते. ती उष्णता गटारात जात होती, पण तिचा आकडा गॅसच्या बिलात होता, ते पाणी शुद्ध करण्याची रसायने ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या, खात्यात होती आणि ते मृदू करण्याचे मीठ भांडाराच्या खात्यात होते. हे सारे एकत्र केल्यावर आमच्याकडे एक घनमीटर पाणी बिलातील दराच्या साडेतीन पटीने महाग पडत होते. टाक्यांमधून पाणी वस्तूंच्या उलट दिशेने फिरवल्यावर, म्हणजे शेवटच्या स्वच्छ टाकीचे पाणी मागच्या टाकीत घेतल्यावर, तेथील वापर निम्म्याहून कमी झाला. त्या वेळी हा साडेतीन पटीचा तक्ता माझ्यापाशी तयार असता, तर त्या बैठकीत मी गप्प बसलो नसतो. आपण हा तक्ता आधी करावा आणि मगच आपल्या वित्त विभागाशी बोलावे.

कूलिंग टॉवरमध्ये बचत असते, पण तिला मर्यादा आहे आणि ती विक्रेते सांगत नाहीत. तासाला 500 घनमीटर पाणी फिरत असेल आणि तापमानात पाच अंशांचा फरक पडत असेल, तर तासाला साधारण 3.8 घनमीटर पाणी बाष्पीभवनाने जाते, ते वाचत नाही. ब्लोडाउन, म्हणजे क्षार फार साचू नयेत म्हणून टॉवरमधून सोडून दिले जाणारे पाणी, मात्र आपल्या हातात असते: क्षार तीन पट होऊ देण्याऐवजी पाच पट होऊ दिले तर दिवसाला सुमारे 23 घनमीटर वाचतात, पाचावरून सहा पटीवर गेल्यास त्यात जेमतेम साडेचार घनमीटरची भर पडते, आणि तोवर सिलिकाचा थर नळ्यांवर बसू लागण्याचा धोका वाढलेला असतो.

झेडएलडीबाबत माझे मत स्पष्ट आहे: नियामकाने बंधनकारक केला नसेल तर तो पहिल्या वर्षी घेऊ नये. एक घनमीटर पाण्याची वाफ करण्यास 600 युनिटांहून अधिक उष्णता लागते. अनेक टप्प्यांच्या यंत्रणेत तीच उष्णता पुन्हा वापरता येते, पण ती फुकट होत नाही. शिवाय गळतीसह मोजलेल्या वापरावर प्रकल्पाचा आकार ठरवला, तर तो कायमचा मोठा बसतो, जसा आमचा बसला. पावसाच्या पाण्याचेही तसेच आहे. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर दहा हजार चौरस मीटर छतावरून, पाचवा हिस्सा वाया जातो असे धरून, 5,600 घनमीटर पाणी मिळेल, तेही चार महिन्यांत. आमची एकटी गळती वर्षाला 21,000 घनमीटर होती.

आपली कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1,000 कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांचा अहवाल अनिवार्य केला असून त्यात पाणी कोणत्या स्रोतातून किती घेतले आणि उलाढालीच्या प्रमाणात ते किती पडते हे द्यावे लागते. जो उपकर गेल्यामुळे आमचे मीटर मेले, त्याची जागा आता या अहवालाने घेतली आहे. आराखड्याची चौकट हवी असल्यास आयएसओ 46001 हे पाण्याच्या कार्यक्षम वापराच्या व्यवस्थापनाचे 2019 चे मानक पुरेसे आहे. तीन वर्षांची विभागणी मी येथे करून देत नाही, कारण ती आपल्या मीटरांचे तीन महिन्यांचे आकडे पाहिल्याशिवाय करता येत नाही.

सल्लागार नेमू नये असे माझे म्हणणे नाही. मीच आता तो व्यवसाय करतो. पाणी गाळण्याच्या झिल्लीची (मेम्ब्रेनची) निवड, सांडपाण्याचे रसायनशास्त्र, औषध किंवा अन्न कारखान्यातील पुनर्वापराच्या अटी या गोष्टी बाहेरच्या जाणकाराशिवाय करू नयेत. पण पहिल्या भेटीत तो सुट्टीच्या रात्रीचे मीटर वाचन मागत नसेल, तर त्याला चहा देऊन निरोप द्यावा.

आणि हायड्रंट लाइनचे व्हॉल्व्ह बंद करण्यापूर्वी सुरक्षा अधिकाऱ्याची लेखी परवानगी घ्यावी व तेवढा वेळ आग विझवण्याची पर्यायी सोय ठेवावी. त्या रात्री आम्ही परवानगी घेतली नव्हती. त्याबद्दल मला शुक्रवारी मेमो मिळाला, आणि त्या कारखान्यात मला मिळालेल्या सगळ्या मेमोंपैकी तेवढा एक योग्य होता.