प्रीगॅबालिन सुरू झालंय, मग कॉफी बंद?

बंद नको करूस. नागीण बरी झाल्यावर बरगडीखालची आग राहिली, तेव्हापासून मी प्रीगॅबालिन, म्हणजे नसांच्या दुखण्यावरची गोळी, घेतोय आणि सकाळची कॉफी एकदाही चुकलेली नाही. तिच्याच जातीची गॅबापेंटिन काय, प्रीगॅबालिन काय, दोन्ही यकृतात फारशी न मोडता मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. कॅफीन यकृतात मोडतं. त्यामुळे थेट भांडण नाही.

घोळ होतो तो वेगळाच. पहिले आठ-दहा दिवस गोळीने डोकं जड राहतं, चालताना झोक जातो. मी काय केलं, तर ती गुंगी घालवायला दुपारी आणखी दोन कप रिचवले. कॅफीनचा निम्मा अंमल उतरायलाच साधारण ५ तास लागतात. रात्री टक्क जागा, आणि झोप नसली की आग दुप्पट. तू चारनंतर कपाला हात लावू नकोस. चहातही कॅफीन असतंच, हे आपल्याकडे कुणी मोजत नाही! कॉफीने तरतरी आली तरी झोक जात असेल तर स्कूटर काढू नकोस.

गोळी फिटसाठी असेल तर जागरण आणखी वाईट, त्यानेच फिट येऊ शकते.

आणि उपाशीपोटी कॉफी, मग जळजळ, मग ते ॲसिडिटीचं गुलाबी पातळ औषध... गॅबापेंटिन घेत असशील तर ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अशा औषधानंतर २ तास थांब, नाहीतर गोळी नीट लागू पडत नाही.

दारू मात्र नकोच. आणि बरं वाटलं म्हणून गोळी मनानेच सोडू नकोस, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात.