नवं लॅन कार्ड टाकलं तरी नेट नाही? आधी इंटरफेसचं नाव बघा

देवगडच्या दुकानातल्या डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) मशीनबद्दल तुम्ही लिहिलंत: वळवाच्या विजेत मदरबोर्डचं लॅन पोर्ट गेलं, मदरबोर्डच्या खाचेत नवं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवलं, आता 'ईएनपी२एस०' (लिनक्सने लॅन पोर्टला, म्हणजे इंटरफेसला, दिलेलं नाव) सापडत नाही असा एरर येतो आणि दुरुस्तीवाला सगळं पुसून लिनक्स परत टाका म्हणतो. कृपया पुसू नका. हिशेब त्यात आहे, आणि कार्ड बहुधा ठणठणीत आहे.

हे नाव कार्डाला नाही, जागेला मिळतं. सिस्टमडीने (लिनक्स सुरू करून त्याच्या सेवा सांभाळणारी प्रणाली) २०१३ मध्ये ही पद्धत आणली; 'पी२' म्हणजे पीसीआय बस, अर्थात कार्ड जोडलेली वाट, क्रमांक २. नवं कार्ड घातलं की बसचे क्रमांक सरकू शकतात. शिवाय जळलेल्या पोर्टची चिप पुष्कळदा मेलेली नसते, इंटरफेस म्हणून दिसतच राहते. म्हणजे यादीत दोन नावं, आणि सेटिंग तिसऱ्याच नावाला शोधतंय.

टर्मिनलमध्ये 'आयपी लिंक' चालवा, इंटरफेसची यादी दिसेल. त्यातली दोन्ही नावं 'आयपी लिंक सेट (नाव) अप'ने चालू करा. मग नव्या कार्डातली केबल काढून 'आयपी लिंक' चालवा, परत लावून पुन्हा चालवा. ज्याच्यापुढचं 'नो-कॅरिअर' (तारेत सिग्नल नाही) जातं तो नवा इंटरफेस. कशातच फरक पडला नाही तर केबलच्या पिना बघा. आपल्या खाऱ्या हवेत त्यांवर हिरवट थर चढतो. नेट मोबाइलवरून यूएसबीने घेत असाल तर तपासताना तो काढून ठेवा, तोही इंटरफेस म्हणून दिसतो.

आता 'ईटीसी/नेटवर्क'मधल्या 'इंटरफेसेस' या नेटवर्क सेटिंगच्या फाइलमध्ये नुसतं नवं नाव टाकलं तर आज काम होईल, पण पुढचं कार्ड बसलं की तेच रडगाणं. नाव मॅक ॲड्रेसला (कार्डाला कारखान्यातच मिळालेला क्रमांक) बांधा. 'ईटीसी/सिस्टमडी/नेटवर्क'मध्ये '१०-लॅन.लिंक' फाइल करा: 'मॅच'खाली नव्या कार्डाचा मॅक ॲड्रेस, 'लिंक'खाली 'नेम=लॅन०'. 'ईटीएच०' हे नाव देऊ नका, कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतः ती नावं वापरतो, टक्कर होते. मग 'इंटरफेसेस'मध्ये 'ऑटो' (किंवा 'अलाऊ-हॉटप्लग') आणि 'आयफेस' या दोन्ही ओळींत जुन्या नावाऐवजी लॅन० लिहा, मशीन सुरू होताना लागणारी फाइल ताजी करायला 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू' चालवा आणि रीस्टार्ट करा.

हे झाल्यावरच बायोसमधून जुनं पोर्ट बंद करा. तेव्हा क्रमांक पुन्हा सरकले तरी लॅन० जागेवर राहील.

आणि आभाळ भरून आलं की, गडगडाट सुरू होण्याआधीच, नुसता प्लग काढून भागत नाही, लॅनची केबलही काढा. फायबर असलं तरी राउटर विजेवरच चालतो आणि तिथून संगणकापर्यंत तांब्याची तार असते. झटका त्या वाटेनेही येतो.