बांधणीत गेलेला चेहरा

प्रिय,

नवोदित चित्रकारांच्या मासिकाची तू मांडून पाठवलेली पानं काल दोनदा पाहिली. देखणी आहेत, वाद नाही. पण मिटल्यावर डोळ्यांपुढे राहिली ती तुझी मांडणी. चित्रं कुणाची होती, ते पाहायला पुन्हा पानं उलटावी लागली. नवोदितांच्या मासिकात हे उलटं झालं.

माझी एक चूक सांगतो. उमेदीत असताना एका मुलीचं आडवं चित्र मी हौसेनं दोन पानांवर पसरलं. अंक जाडजूड, पाठीला गोंद लावून बांधलेला. हातात आला तेव्हा चित्रातल्या बाईचा अर्धा चेहरा बांधणीनं गिळला होता. तिचं ते पहिलंच छापून आलेलं काम. ती काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून पडद्यावर जोडून दिसणाऱ्या पानांवर माझा विश्वास नाही. कागद दुमड, डमी म्हणजे अंकाचा हाती केलेला नमुना कर, चित्रं चिकटव आणि मग ठरव. अंक मधोमध पिना मारून बांधणार असशील तर पानं चारच्या पटीतच येतात. अगदी मधली दोन मात्र एकाच सलग कागदावर असतात. आडवं चित्र तिथे जाऊ दे.

पानाच्या कडेपर्यंत पसरलेल्या चित्राच्या कडेचे साधारण ३ मिलिमीटर कटाईत जातात, आणि सही बहुधा नेमकी कोपऱ्यात असते. चित्र कापायचंच असेल तर आधी कलाकाराला विचार. नवा कलाकार सहसा नाही म्हणत नाही, म्हणून तर जास्त जपायचं. चित्राखाली माध्यम, वर्ष आणि सेंटिमीटरमधलं माप हवंच. पोस्टकार्डाएवढं जलरंगातलं चित्र आणि सहा फुटी कॅनव्हास तुझ्या पानावर सारखेच दिसतात.

पडद्यावरचा लखलखीत निळा छपाईच्या चार शाईंत उतरत नाही. त्यात तुला हवा तो खडबडीत कागद शाई पितो, सावल्या काळवंडतात. हट्ट असेल तर त्याच कागदावर प्रूफ, म्हणजे चाचणीची छपाई, काढून कलाकाराला दाखव.

अक्षरांचं थोडक्यात: ओळींतलं अंतर इंग्रजीच्या हिशेबानं ठेवलंयस, त्यामुळे वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या मात्रांना भिडतात. सैल कर. मासिकाच्या नावाच्या अक्षरांवर तीन आठवडे गेले म्हणून लिहिलंयस. (मी एकदा दोन महिने घालवले होते. एकाही वाचकानं विचारलं नाही.)

पान १७ वरचा काळा पट्टा काढ, त्याखाली चित्राचा पाव भाग झाकलाय. आणि पुढच्या वेळी फाइल पाठवू नकोस, डमी घेऊन ये. कात्री-गोंद माझ्याकडे आहे.

तुझा,
जुना मांडणीकार