पोरकं, परकं आणि नुसतं एकटं

प्रश्न : माझं वय ५८. दोन महिन्यांपूर्वी आई गेली. भेटायला आलेल्या बायकांपाशी मी म्हणाले, "फार पोरकं वाटतं हो." पुतण्या शेजारी बसला होता. तो म्हणाला, "काकू, पोरकी लहान मुलं असतात. तुम्हाला एकाकी म्हणायचंय." घरात नवरा, मुलगा, सून, नात, सगळी आहेत. माझा शब्द चुकला का?
– एक वाचक, कराड

उत्तर : नाही चुकला. आईबाप नसलेलं मूल ते पोरकं, हा मूळ अर्थ पुतण्या बरोबर सांगतोय. पण तुम्ही काय बोललात ते पुन्हा बघा. 'मी पोरकी झाले' असं नव्हे, 'पोरकं वाटतं' म्हणालात. बाई असून नपुंसकलिंग! 'गार वाटतं', 'बरं वाटतं' म्हणतो तशातलंच हे. पुरुषसुद्धा 'मला पोरकं वाटतं' असंच म्हणेल. इथे तुमचं वय किंवा नातं सांगितलेलं नाही, जिवाला काय होतंय ते सांगितलंय. त्याला वयाची अट कुठली?

'एकाकी' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. एकाकी म्हातारा, एकाकी म्हातारी, रूप बदलत नाही. लेखात, भाषणात शोभतो; चहा गाळता गाळता सहसा कोणी 'एकाकी' म्हणत नाही. 'एकटं' त्याहून सोपं, पण त्यात मोजणी आहे आणि तुमचं घर तर भरलेलं. 'एकलकोंडा' हा स्वभाव. सगळे गावाला गेले की घर खायला उठतं, ते परतले की थांबतं. तुमचं तसं नाही.

माझंच सांगतो. आक्का गेली तेव्हा मी ६४ वर्षांचा. कोल्हापूरहून एसटीने साताऱ्याला पोचलो की स्टँडवरूनच तिला फोन करायचा, हा शिरस्ता. नाही केला तर तिचाच यायचा, "पोचलास का रे?" ती गेल्यावर पहिल्यांदा साताऱ्याला उतरलो, सवयीने फोन काढला आणि तसाच हातात धरून उभा राहिलो. घरी बायको जेवायची थांबली होती. तरी त्या घटकेला दुसरा कुठलाही शब्द मला चालला नसता. आपण पोचलो की नाही याची काळजी करणारं वरचं माणूस उरलं नाही, की पोरकं वाटतं.

वर्तमानपत्रांनी मात्र हा शब्द पार झिजवलाय. कोणी मोठा माणूस गेला की दुसऱ्या दिवशी तालुका पोरका, रंगभूमी पोरकी, सहकार पोरका. असो.

'परकं' मात्र वेगळं. पोरकं वाटतं ते आपलं माणूस गेल्यावर. परकं वाटतं ते आपलीच माणसं समोर असताना. माहेरी लेकीला पाहुणीसारखं ताट वाढलं की ती म्हणते ना, "मी काय परकी झाले का?"

मी मुद्रितशोधक होतो तेव्हा एका श्रद्धांजलीच्या जाहिरातीत 'पो'चा काना-मात्रा माझ्या नजरेतून निसटला. 'आम्ही सारे पोरके झालो'च्या जागी छापून आलं, 'आम्ही सारे परके झालो'. चौथ्या दिवशी थोरला मुलगा छापखान्यात आला. मी हात जोडले. तो म्हणाला, "राहू द्या हो. वाटणीचं बोलणं कालच सुरू झालंय."