बाळाला अंगावरचं दूध पुरत नाही असं सासूबाई म्हणतात. वरचं दूध सुरू करू का? पुढे नोकरीवरही रुजू व्हायचंय.

तुम्ही लिहिलंय, बाळ अडीच महिन्यांचं आहे आणि संध्याकाळी खूप रडतं. या वयाची बरीच बाळं पोट भरलेलं असूनही संध्याकाळी रडतात. दिवसाला सहा-सात लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. घरच्यांना नको, वजनकाट्याला विचारा.

"पुरत नाही" हे वाक्य मी इतकं ऐकलंय की प्रश्न वाचूनच डोकं फिरलं. माझं सिझर झालं होतं. सिझरनंतर पान्हा फुटायला कधी कधी एखादा दिवस जास्त लागतो. तोवर थेंबथेंब चीक येतो आणि पहिल्या दिवशी बाळाला तेवढा पुरतो. पण आमच्या मोठ्या जाऊबाई दुसऱ्याच दिवशी पावडरचा डबा घेऊन दवाखान्यात हजर. "हिच्या अंगावर दूधच नाही, पोर उपाशी मरेल." बाजूच्या खाटेवरच्या बाईच्या पाहुण्यांदेखत! आई गप्प, लेकीच्या सासरच्यांना काय बोलणार?

रात्रपाळीच्या सिस्टरने डबा खिडकीत सारला आणि बाळाला पोटाला पोट लावून माझ्याकडे वळवलं. त्याने मोठा आ करेपर्यंत थांबायला लावलं, मग नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरलं. खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. दुखणं तिथेच कमी झालं आणि गिळल्याचा आवाज यायला लागला.

जाऊबाईंचं पालुपद मात्र सुरूच. बाळ रडलं की भूक, झोपलं नाही तरी भूक. बारशाच्या घुगऱ्या वाटतानाही तेच. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू मी मनसोक्त खाल्ले, बाळंतिणीला ताकद हवीच. पण दूध वाढतं ते बाळाने ओढल्याने. जेवढं निघेल तेवढं बनतं. उगाच बाटली दिली की बाळ तेवढं कमी ओढतं, दूध कमी बनतं, आणि मग जाऊबाई खऱ्या ठरतात.

नोकरीचं म्हणाल तर मी पतसंस्थेत कॅशियर. पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पगारी रजा मिळते हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण रुजू झाल्यावर, बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत, रोज दोनदा पाजण्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागतो, हे आमच्या साहेबांच्या गावीही नव्हतं. त्या वेळी लागू असलेल्या १९६१च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ११ची झेरॉक्स टेबलावर ठेवली, तेव्हा रेकॉर्ड रूमची किल्ली मिळाली. जुन्या खतावण्यांच्या गठ्ठ्यांत बसून हाताने स्टीलच्या वाटीत दूध काढायचं आणि झाकणाच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवायचं. डब्यावर चिठ्ठी लावली होती, 'चहाचे नाही'. शिपायाचा काय भरवसा! बाहेर ते चारेक तास टिकतं, पण आपल्या उन्हाळ्यात तेवढी वाट बघू नका. पाजताना गॅसवर तापवायचं नाही, डबा कोमट पाण्यात धरायचा. सासूबाई वाटी-चमच्याने पाजायच्या, बिनतक्रार.

यावरही जाऊबाई म्हणाल्या, "शी, असलं काढून ठेवलेलं!" मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी आहे, आशियातली पहिली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली. तिथे दुसऱ्या आयांचं दूध अशक्त बाळांना देतात. मग मी माझंच दूध माझ्याच पोराला दिलं तर कुठे बिघडलं? तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

आता हेही सांगायला हवं, की काहींना खरंच कमी येतं. थायरॉइड असतो, छातीचं ऑपरेशन झालेलं असतं. वजन वाढत नसेल तर डॉक्टर सांगतील ते वरचं दूध बिनधास्त द्या, पाणी मात्र डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. माझ्या नणंदेची मुलगी त्यावरच वाढली, ठणठणीत आहे. छाती लाल होऊन ताप आला तर लगेच दवाखाना गाठा, पाजणं मात्र थांबवू नका.

आणि साडेतीन महिन्यांच्या लसीला सासूबाईंनाच बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं. आमच्या जाऊबाईंना कुणी नेलंच नाही.